चौथी सीट

डोंबिवलीहून भरून आलेल्या लोकलमध्ये ठाण्याला चढायचं, दोन बाकांमधल्या फटीत शिरायचं आणि अनोळखी माणसाच्या डोळ्यांत बघून विचारायचं, "कुठे?" 'मुलुंड' म्हणणारा देवमाणूस, पुढच्याच स्टेशनला उठतो. 'घाटकोपर' म्हणाला तर तोवर तिघांच्या बाकाच्या टोकाला, चौथ्या सीटवर अर्धं टेकायचं. वीस वर्षं हे करतोय, कधी जीभ अडखळली नाही. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यालाच आली. त्यातल्या चारशे पाहुण्यांना परतताना कुणीतरी "जरा सरकून घ्या" म्हटलं असणार, आणि तो ठाणेकरच असणार.

तोच मी नौपाड्यातल्या जिममध्ये तीन आठवडे एका बेंचपाशी पाण्याची बाटली धरून उभा होतो.

बेंचवर एक पोरगा असायचा. पोरगा आपलं वयावरून म्हणायचं. त्याची मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो, हे बघायला सात-बारा काढावा लागेल. दोन्ही कानांत इअरफोन. एक सेट मारायचा, मग पाच मिनिटं मोबाइल. मला एवढंच विचारायचं होतं, की अजून किती सेट राहिलेत.

गाडी अडली ती हाक काय मारावी यावर. 'भाऊ' म्हणावं, तर ठाण्यात भाऊ चौकातल्या बॅनरवर असतात. त्यांना सेट विचारत नाहीत, वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात. 'दादा' म्हणावं, तर माझेच केस पांढरे. 'बाळा' म्हणायचं, तर रस्त्याच्या पलीकडे उभं राहून. 'ब्रो' मी घरी बाथरूममध्ये चार वेळा म्हणून पाहिलं. बाहेरून बायकोने विचारलं, "घसा बसलाय का?"

शिवाय इअरफोन. म्हणजे पहिलं वाक्य वाया जाणार हे धरूनच चालायचं. दुसरं ओरडून म्हणायचं, आणि नेमकी तेव्हाच जिममधली गाणी थांबणार. एकदा धीर करून बोट वर केलं. त्याने आरशातून पाहिलं. मी तेच बोट कानात घालून खाजवलं आणि ट्रेडमिलवर गेलो. त्या तीन आठवड्यांत मी ट्रेडमिलवर बरंच चाललो, सगळं भीतीपोटी. पोटऱ्या सुधारल्या. छाती होती तिथेच.

मग तो सोमवार आला. सोमवारी अख्ख्या जिमला छातीच मारायची असते, त्यामुळे बेंचला दादरच्या पुलाची कळा. मागून एक नवा गडी नॅपकिन झटकत येताना दिसला, आणि माझ्यातला प्रवासी खडबडून जागा झाला. दोन पावलं पुढे टाकली, तोंड उघडलं, आणि वीस वर्षांची सवय बाहेर पडली.

"कुठे उतरणार?"

त्याने एक इअरफोन काढला. जराही न हसता म्हणाला, "अजून दोन सेट आहेत. तोवर चौथी सीट घ्या ना, काका. आलटून-पालटून मारू."

काका! तीन आठवडे मी शब्द शोधत होतो. त्याला सेकंदही लागला नाही.

मग तो रॉडच्या प्लेटा उतरवायला लागला. वीसच्या गेल्या, दहाच्याही गेल्या.

"अरे, थोड्या राहू दे की."

"काका, नुसता रॉडच वीस किलोचा आहे."

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. इतके दिवस मनातल्या मनात मी जे चाळीस किलो उचलत होतो, त्यात रॉड फुकटात धरला होता.

आडवा झालो. पाच वेळा गेला वर. सहाव्यांदा रॉड छातीवर येऊन बसला तो उठेचना, खिडकीची जागा मिळालेल्या माणसासारखा. पोरगा डोक्याशी उभा, दोन बोटं रॉडखाली, अजून न लावलेली.

"कुठे, काका?"

"मुलुंड," मी कसाबसा म्हणालो.