मीटर बघा, गाडी कशाला बघता?

जुनी गाडी घ्यायचं ठरवलंत, उत्तम केलंत. नवीन गाडीला फक्त बँक लागते. जुन्या गाडीला अनुभव लागतो, आणि तो गाडी घरी आणल्यावरच येतो. तरीही तुम्ही माझा सल्ला विचारताय म्हणून सांगतो. मी आजवर दोन जुन्या गाड्या घेतल्या आणि दोन्ही वेळा फसलो, तेव्हा या विषयावर बोलायचा अधिकार माझ्याइतका क्वचितच कोणाला असेल.

आधी भाषा. गाडी आजवर किती किलोमीटर फिरली, याला बाजारात 'रनिंग' म्हणतात. चुकून 'मायलेज किती?' असं विचारलंत तर समोरचा 'लिटरला अठरा देते' म्हणेल, आणि दोघंही आपापल्या विषयावर समाधानाने बोलत राहाल.

समजा, तुमच्यासमोर दोन वॅगनआर उभ्या आहेत. दोन्ही २०१६ च्या, दोन्ही पेट्रोल, दोन्ही त्याच चंदेरी रंगाच्या. एक १,३२,००० किलोमीटर फिरलेली, तिचे मागतायत २ लाख ६० हजार. दुसरी फक्त ३१,००० फिरलेली, तिचे ३ लाख ९० हजार. कोणती घ्यावी?

हा काय प्रश्न झाला? ३१ हा आकडा १३२ पेक्षा लहान आहे, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. आपल्याला एवढं एकच गणित येतं, तेव्हा तेच वापरावं.

पहिल्या गाडीचा मालक दर आठवड्याला पुणे-सोलापूर करणारा माणूस आहे. तो तुमच्यासमोर एक जाडजूड फाइल ठेवेल. तिच्यात सगळ्या सर्व्हिसिंगची बिलं तारीखवार लावलेली असतील. नव्वद हजार किलोमीटरला क्लच प्लेट बदलली, एक लाख किलोमीटरला पुढचे शॉकअप आणि लोअर आर्म, गेल्या दिवाळीत बॅटरी, यंदा पावसाळ्याआधी चारही टायर. ती फाइल उघडू नका. एवढी बिलं जपणारा माणूस संशयास्पदच. शिवाय गाडीत इतक्या वस्तू बदलाव्या लागल्या म्हणजे गाडी किती वाईट असेल! दुसऱ्या गाडीत बघा, नऊ वर्षांत काहीही बदललेलं नाही. सगळं ओरिजिनल. ब्रेक ऑइलसुद्धा.

कोणी अतिशहाणा तुम्हाला सांगेल की हायवेचे किलोमीटर आणि शहरातले किलोमीटर यांत फरक असतो. हायवेला गाडी पाचव्या गिअरमध्ये तासभर एकसारखी चालते, क्लचला पाय लागत नाही, इंजिन एकदा तापलं की त्याच तापमानाला राहतं. संध्याकाळी सिंहगड रोडवर दोन किलोमीटर जाताना क्लच जेवढा दाबावा लागतो, तेवढा इंदापूरपर्यंत लागत नसेल. ऐकून घ्या आणि सोडून द्या. मीटरला सिंहगड रोड आणि इंदापूर सारखेच. तुम्हीही मीटरइतकेच निःपक्षपाती राहा.

आता दुसरीकडे वळू. ३१ हजार भागिले नऊ वर्षं, म्हणजे रोजचे साडेनऊ किलोमीटर. घर ते भाजी मंडई, मंडई ते घर. मालक निवृत्त गृहस्थ. गाडी अमेरिकेतल्या मुलाने घेऊन दिलेली. (जाहिरातींवर विश्वास ठेवायचा तर महाराष्ट्रातल्या निम्म्या जुन्या गाड्या डॉक्टरांच्या असतात आणि उरलेल्या अमेरिकेतल्या मुलांच्या वडिलांच्या. वकिलाची गाडी विकायला निघालेली मी आजवर पाहिलेली नाही.) 'रविवारी सारसबागेच्या गणपतीला, बाकी उभीच,' असं ते सांगतील. 'उभीच' हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज जरा हळवा होईल. इथे तुम्हीही विरघळायचं आहे.

उभ्या गाडीला काय होतं, हे विचारायचं नाही. मिस्त्री लोक सांगतात की दोन-चार किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे आतला ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. मॅन्युअलमध्येही लिहिलेलं असतं, ऑइल दहा हजार किलोमीटरला किंवा एक वर्षाने, जे आधी होईल ते. गाडी जपणाऱ्या माणसाने हे वाक्य 'किंवा' पर्यंत वाचायचं आणि पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून द्यायचं. त्या हिशोबाने या गाडीची तीन सर्व्हिसिंग झाली. वर्षांच्या हिशोबाने नऊ व्हायला हवी होती. वाचलेल्या सहांचे पैसे मालकाचे, आणि वाचलेलं ऑइल तुमचं. डिपस्टिक काढून बघा, अजून आतच आहे.

टायरवर एक चार आकडी नंबर असतो. ३४१६ असेल तर टायर २०१६ सालच्या चौतिसाव्या आठवड्यात बनलेला. हा नंबर कडेला असतो आणि वाचायला वाकावं लागतं, म्हणून वाचू नका. वरून नक्षी बघा, कशी खोल, ताजी! रबर नऊ वर्षांत कडक झालंय, बाजूला केसासारख्या भेगा आहेत, पण विकणारा 'टायर ऐंशी टक्के' म्हणतोय ना? उरलेले वीस टक्के पहिल्या पावसात ब्रेक मारल्यावर सापडतील.

आणि उंदीर. उभ्या गाडीच्या बॉनेटखाली पावसाळ्यात जी वस्ती होते, तिच्याबद्दल जाहिरातीत कधीच काही नसतं. ऊब असते, आडोसा असतो, कुरतडायला वायरिंग असतं. पण उंदरांनी खाल्लेल्या वायरींनी मीटर पुढे सरकत नाही. तेव्हा आपल्या दृष्टीने ही बाब गौण.

सोबत कोणाला न्यावं? मिस्त्रीला मुळीच नेऊ नका. तो हजार रुपये घेईल, इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडून धूर बघेल, डिकीतलं मॅट उचलून अपघातानंतरचं वेल्डिंग शोधेल, आणि तुमच्या घरात पेढ्यांची ऑर्डर गेलेली असताना 'नको साहेब' म्हणेल. मेहुण्याला न्या. मेहुणा टायरला लाथ मारतो, दार दोनदा आपटतो, एसी लावून हात पुढे धरतो आणि 'गाडी मस्त आहे दाजी' म्हणतो. यापलीकडे तपासणीत काय असतं?

पण ३१ हजार हे खरोखर ३१ हजारच कशावरून, अशी शंका तुमच्या मनात आली असेल. ती दडपून टाका. पूर्वीच्या मीटरला आकड्यांची चाकं असायची. ती हाताने मागे फिरवली की आकडे एका ओळीत बसत नसत, एखादा वर, एखादा खाली. चोरी दिसायची. आता मीटर डिजिटल. स्टिअरिंगखाली गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायची खाच असते, ओबीडी पोर्ट, तिला यंत्र जोडायचं, हवा तो आकडा लिहायचा. आकडे कसे सरळ रांगेत उभे राहतात! कायद्याने ही फसवणूकच आहे. पूर्वी तिला ४२० म्हणता यायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम ३१८ झालं, त्यामुळे समोरच्याला 'तीनशे अठरा' म्हणून शिवी दिली तर त्याला कळतही नाही.

माझीच गोष्ट सांगतो. माझ्या पहिल्या गाडीच्या मीटरवर ३८,००० होते. मी हरखून गेलो. ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं, स्टिअरिंग डाव्या-उजव्या बाजूला तुकतुकीत, ड्रायव्हरची सीट दाराकडच्या कडेला दबलेली. मला वाटलं, आधीचा मालक वजनदार असेल. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या कडेला, खांबावर, ऑइलच्या दुकानाचं एक छोटं पिवळं स्टिकर दिसलं. त्यावर पेनाने लिहिलं होतं, 'पुढील ऑइल: ९६,०००'. मी बायकोला म्हटलं, मिस्त्री बघ किती दूरदृष्टीचा, आत्तापासून पुढचं ठरवून ठेवलंय.

ती काही बोलली नाही. तिने स्टिकरचा फोटो काढून मेहुण्याला पाठवला.

गाडीचा नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं तर कधी, किती किलोमीटरला गाडी आली होती, याची नोंद बहुतेक वेळा मिळते, हे मला नंतर कळलं. तुम्हाला आधी कळलंय. तरी जाऊ नका. तिथे दुचाकी लावायला जागा नसते.

कमी रनिंगची आणखी एक जात आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ च्या जुलैत चिपळुणात पाणी शिरलं, तेव्हा रस्त्यावरच्या आणि पार्किंगमधल्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या. पाण्यात बुडालेली गाडी एक मीटरही पुढे जात नाही. तिचं रनिंग अगदी पवित्र राहतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला तर टोकाला गढूळ रेघ सापडते, सीटच्या रुळांवर गंज दिसतो, गालिचाखाली नाक नेलं तर नदी आठवते. आत लावलेला मोगऱ्याचा सुवास मात्र अप्रतिम असतो. सुवासावर जा.

कागदपत्रांचं फारसं मनावर घेऊ नका. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, मागचं कर्ज असेल तर ते उतरवायचा फॉर्म ३५ मिळाला, की झालं. 'नावावर नंतर करू' असं विकणारा म्हणाला तर त्याला तुमच्याविषयी प्रेम आहे असं समजा. ऑनलाइन चलनं बघायला दोन मिनिटं लागतात, पण मग बोलायला विषय राहत नाही.

एक गंमत मात्र सांगायला हवी. किलोमीटरवर एवढी श्रद्धा फक्त तुमची आणि माझी. आरटीओ गाडीची वर्षं मोजतं. १५ वर्षं झाली की फेरनोंदणी आलीच, तिची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५,००० झाली, वर पर्यावरण कर. गाडी देव्हाऱ्यात ठेवली होती म्हणून तिथे सवलत मिळत नाही. विमा कंपनीही गाडीची किंमत वयावर कमी करत जाते. सरकारच्या आणि विम्याच्या लेखी तुमच्या समोरच्या दोन्ही वॅगनआर जुळ्या बहिणी आहेत. एकीने मेहनत केली, दुसरी झोपून राहिली, वय तेच.

आता पैशाचं. दोघींमधला फरक १ लाख ३० हजार. पेट्रोल १०५ रुपये धरलं आणि गाडीने शहरात १५ चा अ‍ॅव्हरेज दिला, तर एवढ्या पैशात साडेअठरा हजार किलोमीटर होतात. तुमचं फिरणं वर्षाला सहा हजारांचं असेल, तर तीन वर्षांचं पेट्रोल. किंवा त्यातून पहिल्या गाडीचे बुश, बेअरिंग, इंजिन माउंटिंग सगळं नवं करून वर बरेच पैसे उरतात. हा हिशोब मी तुम्हाला दाखवला हे माझं चुकलं. विसरून जा. दुसऱ्या गाडीवर टायर, बॅटरी, ब्रेकचं आणि इंजिनचं ऑइल, रबरी पाइप आणि वायरिंग असा खर्च येईलच, पण तो गाडी आपली झाल्यावर येतो. आपल्या माणसावरचा खर्च कोणी मोजतं का?

तर घेतलीत ना ३१ हजारवाली? अभिनंदन. आता पुढचं व्रत कठीण आहे. तुम्ही १ लाख ३० हजार मोजून जो आकडा विकत घेतलात, तो प्रत्येक किलोमीटरला नासतोय. तेव्हा गाडी बाहेर काढू नका. ऑफिसला बसने जा. भाजीला चालत जा. सासरवाडीला जायचं असेल तर मेहुण्याची गाडी मागा, तिचं रनिंग तसंही वाया गेलेलं आहे. गाडीला कव्हर घाला, दर रविवारी कव्हर काढून पुसा, चालू करून पाच मिनिटं तिथेच घुरघुरू द्या, पुन्हा झाका. पाहुण्यांना दाखवताना आधी मीटर दाखवा.

तीनेक वर्षांनी विकायला काढाल तेव्हा मीटर ३४ हजारावर असेल. जाहिरात लिहायला वेगळं काही लागणार नाही, रविवारी सारसबाग, बाकी उभीच. मुलगा अमेरिकेत नसेल तर हिंजवडीत असलेलाही चालतो. एखाद्या संध्याकाळी एक गृहस्थ येतील, सोबत त्यांचा मेहुणा. तो टायरला लाथ मारेल. तुम्ही आत चहा सांगा, आणि बॉनेट उघडण्याआधी त्यावर दोनदा जोरात थाप मारा, म्हणजे आतली मंडळी मागच्या बाजूने निघून जातील.