राखून ठेवा

बिअरबद्दल माझी तक्रार नाही. वर्षातून दोनदा, खिडकीचे पडदे ओढून, खाऱ्या शेंगदाण्यांच्या साक्षीने मीही घेतो. माझी तक्रार आहे ती बिअरच्या पुढच्या प्रवासाबद्दल.

लिव्हरपूलला लेकीकडे गेलो होतो. वाढदिवसाची भेट म्हणून जावईबापूंनी आम्हा दोघांसाठी बंदरातल्या जुन्या पबांची पायी सफर ठरवली. तीन पब, अडीच तास, सोबत वाटाड्या. आम्ही अष्टविनायक दोन दिवसांत उरकलेली माणसं. तीन ठाणी म्हणजे काय!

वाटाड्या म्हणजे गोदीत उमर काढलेले सत्तरीचे आजोबा. प्रत्येक 'क' घशातून खरवडून काढल्यासारखा. इथल्या लोकांना 'स्काउझर' म्हणतात, ते खलाशांच्या 'लॉबस्काउस' नावाच्या मटण-बटाट्याच्या रश्श्यावरून. रश्श्यावरून अख्ख्या गावाला नाव पडतं, हे कोल्हापूरकरांच्या कानावर घालायला हवं.

पहिला पब हॅकिन्स हे नावाच्या बोळात, 'ये होल इन ये वॉल', 1726 सालचा. आजोबा म्हणाले, खाली क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची दफनभूमी, त्यामुळे तळघर खणता आलं नाही. बिअरची पिंपं वरच्या मजल्यावर चढवली. तोटी सोडली की बिअर आपोआप खाली. वरून निघालेल्या द्रवाला खाली येण्यावाचून गत्यंतर नसतं, हे तत्त्व तेव्हा मला फक्त रंजक वाटलं.

"1970च्या दशकापर्यंत इथे बायकांना प्रवेश नव्हता," आजोबांनी सांगितलं. सौ.ने टेबलावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "दिसतंच आहे."

मी अर्धा पाइंट मागणार होतो. "पोराने पैसे भरलेत. पूर्ण घ्या," सौ. म्हणाली आणि स्वतः लेमनेड घेऊन बसली. पूर्ण पाइंट म्हणजे 568 मिली. थंडगार नाही, माठातल्या पाण्याइतकीच गार, आणि चवीला काढ्याची धाकटी बहीण.

निघताना मी हळूच स्वच्छतागृहाची चौकशी केली. आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इथे नको. शेवटच्या पबातलं बघायला लोक लांबून येतात. राखून ठेवा."

ठेवलं. पैसे भरले होते ना.

पुढचा रस्ता चढाचा. वरून पावसाची भुरभुर, पाठीशी मर्सी नदीवरचा वारा, आणि दर दहा पावलांवर कुणाच्या तरी पन्हाळीतून गळणारी धार. या शहरात पन्हाळी इतक्या आहेत हे एरवी माझ्या लक्षातही आलं नसतं. आजोबा रमतगमत अठराव्या शतकात शिरले होते: आरमाराची माणसं गुत्त्यांत घुसून खलाशांना जबरदस्तीने जहाजावर न्यायची. मी मनात म्हटलं, मलाही न्या. जहाजाला निदान कठडा तरी असतो.

राइस स्ट्रीटवरच्या 'ये क्रॅक'मध्ये जॉन लेनन विद्यार्थिदशेत येऊन बसायचा. तिथे 'वॉर ऑफिस' नावाची एक इवलीशी खोली आहे. बोअर युद्धावर चर्चा झोडणाऱ्यांना म्हणे तिथे बसवत. बाहेर तुंबलेलं युद्ध मी एकटा लढत होतो. तेवढ्यात आमच्या घोळक्यातल्या एका वेल्श काकांनी सगळ्यांसाठी पाइंट मागवले. याला 'राउंड' म्हणतात. नको म्हणणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत जिलबी नाकारणं. दुसरे 568 मिली. शौचालयाच्या दाराकडे मी नुसतं पाहिलं, तर आजोबांनी बोट हलवलं. "पाच मिनिटांवर आलंय हो!"

आणि मग 'फिलहार्मोनिक'. 1898 ते 1900 दरम्यान बांधलेला, 2020मध्ये वारसा-यादीत पहिल्या श्रेणीवर चढलेला. आत महालच. आजोबा एकेक तांब्याचा पत्रा, एकेक रंगीत काच समजावून सांगू लागले. बाजूच्या दोन खोल्यांना दोन संगीतकारांची नावं, 'ब्राम्स' आणि 'लिस्ट'. ही जोडी एकत्र उच्चारली की लंडनच्या यमकी बोलीत अर्थ होतो 'टुन्न'. सगळे हसले. मी हसलो नाही. हसणं परवडणारं नव्हतं. सत्यनारायणाचा पाचवा अध्याय चालू असताना प्रसादाकडे डोळे लावून बसलेल्या पोरासारखा मी आजोबांच्या तोंडाकडे पाहत होतो.

"आता जा," ते म्हणाले.

गेलो. आणि थबकलो. गुलाबी संगमरवर! मागे मोझेइकची नक्षी! आमच्या मंगल कार्यालयाच्या स्टेजलाही असा दगड नाही. इथे चपला बाहेर काढायच्या असतात का, असा विचार मनात येऊन गेला. मग लेंग्याच्या नाडीची सवय असलेल्या बोटांनी पँटच्या चेनशी झटापट केली, डोळे मिटले, कुलदैवताचं नाव घेतलं, आणि वाक्यातलं क्रियापद सुरू होणार इतक्यात दारावर टकटक झाली.

"कोणी आहे का आत?" आजोबांचा आवाज. "बायकांना बघायचंय!"

या पबात तशी रीतच आहे म्हणे. माझा आवाज फुटेना. काहीच फुटेना. आजोबांनी शांततेचा अर्थ आपल्या सोयीने लावला. दार उघडलं, वेल्श काकू, दोन जर्मन मुली आणि सर्वांत पुढे मोबाइल रोखलेली सौ.

"अहो, सरका ना जरा. संगमरवर दिसत नाहीये."