टेक्सासची टक्केवारी आणि मुलांचा खर्च

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात आम्ही तिचा २०२२ सालचा चाइल्ड सपोर्टचा, म्हणजे वेगळ्या राहणाऱ्या पालकाने मुलांच्या खर्चासाठी दरमहा द्यायच्या रकमेचा, कोर्टाचा आदेश, त्याला जोडलेल्या पगाराच्या स्लिपा आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो. दोन मुले तिच्याकडे राहतात. वडिलांचे निव्वळ उत्पन्न तेव्हाही महिना बारा हजार डॉलरच्या वर होते, आणि आदेशात रक्कम होती २,३०० डॉलर. बारा हजारांचे पंचवीस टक्के तीन हजार होतात, मग हे २,३०० कुठून आले, असा तिचा साधा प्रश्न होता.

टेक्सासचा कायदा पैसे देणाऱ्या पालकाच्या निव्वळ मासिक उत्पन्नाची टक्केवारी धरतो: एका मुलासाठी २०, दोघांसाठी २५, तिघांसाठी ३०. बोनस आणि ओव्हरटाइमसुद्धा उत्पन्नात येतात. त्यातून सोशल सिक्युरिटीचा कर, एकट्या माणसाच्या हिशेबाने काढलेला फेडरल आयकर आणि मुलांच्या आरोग्यविम्याचा हप्ता वजा होतो. ४०१ (के) या निवृत्तीच्या बचत खात्यात स्वखुशीने टाकलेले पैसे मात्र वजा होत नाहीत, हे आपल्या आयटीतल्या पुष्कळ मंडळींना कोर्टात गेल्यावरच कळते. खरी मेख आहे ती कमाल मर्यादेत. २०१९ पासून ही टक्केवारी फक्त पहिल्या ९,२०० डॉलरवर लागत असे, आणि त्याचे पंचवीस टक्के म्हणजेच ते २,३००. त्यावरच्या उत्पन्नातून काही हवे असेल, तर मुलांची तेवढी गरज आहे हे पुराव्यानिशी दाखवावे लागते.

मला खटकते ते वेगळेच. या सूत्रात आईचा पगार मोजलाच जात नाही, आणि ती कामावर जावी म्हणून डे-केअरला जे पैसे मोजावे लागतात, त्यांचाही वेगळा रकाना नाही. न्यायाधीशांना ते विचारात घेता येतात, एवढेच. अमेरिकेतली बहुतेक राज्ये दोघांचे उत्पन्न एकत्र धरून मुलांचा खर्च त्या प्रमाणात वाटतात. इलिनॉयनेही जुनी टक्केवारी सोडून २०१७ मध्ये हीच पद्धत स्वीकारली. टेक्सासने ती स्वीकारावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वडिलांवर अन्याय होतो म्हणणाऱ्यांनाही ती पटायला हरकत नाही, कारण आई जास्त कमावत असेल तर तेही त्यात धरले जाते.

तरीही सूत्रच नको, असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे भारतात अशी टक्केवारी कायद्यात नाही. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या पोटगीच्या खटल्यात २०२० साली दोन्ही पक्षांनी उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक झाले, पण आकडा शेवटी न्यायाधीशांच्या विवेकावर राहतो. टेक्सासमध्ये निदान टेबलावर बसून अंदाज तरी बांधता येतो.

१ सप्टेंबर २०२५ पासून ती मर्यादा ११,७०० डॉलर झाली आहे, म्हणजे दोन मुलांसाठी २,९२५. जुना आदेश मात्र आपोआप बदलत नाही. आदेशाला तीन वर्षे उलटलेली असतील आणि जुन्या रकमेत व नव्या हिशेबात फरक वीस टक्के किंवा शंभर डॉलरचा असेल, तर फेरबदलाचा अर्ज करता येतो. तिचा फरक ६२५ डॉलरचा निघाला. धाकट्याला डे-केअरमधून आणायची वेळ झाली होती, म्हणून अर्जाचे कागद तिने आदेशाखालीच सरकवून ठेवले.