सोराबजींच्या मुली कुणाच्या?

3 जानेवारी आली की माझी वॉल सावित्रीबाईंच्या फोटोंनी भरून जाते. भरायलाच हवी. एप्रिलात महर्षी कर्वे येतात, पंडिता रमाबाई येतात. अलीकडे फातिमा शेख यांचंही नाव निघतं, आणि ते निघालं की खालच्या भांडणात दोन दिवस आरामात जातात. पुण्यातल्या मुलींच्या शिक्षणावर एवढं लिहिलं-बोललं जातं, पण एक अख्खं घर या सगळ्यातून सुटतं. आई शाळा चालवणारी आणि मुली एकीपेक्षा एक शिकलेल्या. त्यातली एक मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर, आणि तिच्या पाठची सूझी आयुष्यभर पुण्यात शिकवत राहिली. आडनाव सोराबजी. सूझी सोराबजी हे नाव शिक्षणात काम करणाऱ्या मित्रमैत्रिणींपुढे काढून बघा. बहुतेक जण विचारतील, "म्हणजे त्या वकीलबाई का?"

वकीलबाई ती कॉर्नेलिया. तिच्याकडे नंतर येते.

पारशी समाज मुलींना शिकवण्यात पुढे होता, हे आपण असं म्हणून टाकतो की जणू ते त्यांच्या रक्तातच होतं. तसं काही नव्हतं. 1849 मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या तरुण मंडळींनी मुलींच्या शाळा काढल्या, मराठी मुलींसाठी आणि पारशी मुलींसाठीही. त्यात दादाभाई नौरोजी होते. ही मंडळी घरोघर फिरून "तुमच्या ओट्यावर वर्ग भरवू द्या, मुलींना पाठवा" अशी विनवणी करत. काही बापांनी फुकट शिक्षण मिळतंय म्हणून आनंदानं होकार दिला. काहींनी जिन्यावरून खाली ढकलून देऊ म्हणून दम भरला. ही आठवण खुद्द दादाभाईंनी सांगितलेली आहे. पारशी बायकांच्या साक्षरतेचं आज जे कौतुक होतं, त्याची सुरुवात अशी शिव्या खाऊन झाली.

सोराबजींची अडचण याहून वेगळी होती. सोराबजी खरशेदजी लांगराना हे मुंबईचे पारशी. तरुण वयातच ते ख्रिस्ती झाले. काळ बघा. 1839 मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला आणि मुंबईचा पारशी समाज पेटून उठला. प्रकरण कोर्टात गेलं. मिशनच्या शाळांतून मुलं धडाधड काढून घेतली गेली. हा धुरळा खाली बसला नव्हता, तेवढ्यात सोराबजींनी हे केलं. त्यांच्या छळाच्या ज्या गोष्टी लेकीनं पुढे लिहिल्या, त्यात थोडं रंगवलेलं असेलही, पण समाजानं त्यांना परकं केलं हे खरंच. गंमत अशी की त्यांनी स्वतःला पारशी म्हणणं कधी सोडलं नाही. मुलींनीही नाही. कॉर्नेलिया ऑक्सफर्डला गेली तीही पारशी पद्धतीनं साडी नेसून.

त्यांची बायको फ्रान्सिना. ती निलगिरीकडची, जन्मानं हिंदू, लहानपणीच ख्रिस्ती झालेली आणि पुढे फोर्ड नावाच्या इंग्रज दांपत्यानं दत्तक घेतलेली. म्हणजे या घरात निलगिरी, मुंबईचा पारशी मोहल्ला, विलायत आणि नाशिक-पुणे एकाच ताटात वाढलेलं होतं. सोराबजी चर्च मिशनरी सोसायटीच्या कामात नाशिकला होते, कॉर्नेलियाचा जन्म 1866 मध्ये तिथलाच. मग काही काळ बेळगाव, आणि अखेर पुणे.

पुण्यात फ्रान्सिनाबाईंनी 1876 मध्ये राहत्या घरात शाळा सुरू केली. विद्यार्थी सात. तीच पुढे व्हिक्टोरिया हायस्कूल म्हणून वाढली आणि पटावर चारशेच्या घरात मुलं आली. पण मला आकड्यांपेक्षा तिथल्या व्यवस्थेचं जास्त अप्रूप आहे. बाईंनी एक इंग्रजी शाळा काढून "या, सुधारा" म्हटलं नाही. इंग्रजी होतीच, त्याशिवाय मराठी, गुजराती आणि उर्दू माध्यमाचीही सोय त्यांनी केली. मुलांच्या घरात जी भाषा, त्या भाषेत अक्षरओळख. आणि शिकवणार कोण, हा प्रश्न आला तेव्हा शिक्षिका तयार करण्याचं कामही हाती घेतलं.

हे 1870-80 च्या पुण्यात, बरं का. 2025 मध्ये आपण पहिलीच्या पोराला तिसरी भाषा हवी की नको यावर शासन निर्णय काढले, रस्त्यावर उतरलो आणि निर्णय मागे घ्यायला लावले. त्या वादात मी कुणाच्या बाजूला होते ते माझ्या जुन्या पोस्टी वाचणाऱ्यांना माहीत आहे, पुन्हा उगाळत नाही. पण त्या सगळ्या चर्चेत पुण्यातल्या एका बाईनं दीडशे वर्षांपूर्वी हा प्रश्न आपल्या घराच्या खोल्यांमध्ये कसा सोडवला होता, हे कुणाच्याही तोंडून आलं नाही. भाषातज्ज्ञांच्या नाही आणि राजकारण्यांच्याही नाही.

1882 मध्ये हंटर शिक्षण आयोग आला. महात्मा फुल्यांचं आयोगापुढचं निवेदन आपण वाचतो, आणि वाचायलाच हवं. प्राथमिक शिक्षणाची इतकी नेमकी बाजू तेव्हा दुसऱ्या कुणी मांडली नाही. रमाबाईंनी शिक्षिका हव्यात आणि स्त्री-डॉक्टर हव्यात असं सांगितलं, तेही पाठ्यपुस्तकात येऊन गेलेलं आहे. त्याच आयोगापुढे फ्रान्सिना सोराबजींचीही साक्ष झाली होती. किती जणांना ठाऊक आहे? 1886 मध्ये ही बाई शाळेसाठी पैसे जमवायला इंग्लंडला जाऊन भाषणं देऊन आली. पदरी इतक्या मुली, नवरा मिशनच्या पगारावर. शाळा चालवणं म्हणजे निम्मं शिकवणं आणि निम्मं हात पसरणं, हे तेव्हाही तसंच होतं.

आता त्याच वर्षांतलं दुसरं पुणं बघा. 1884 मध्ये रानडे, भांडारकर, वामनराव मोडक वगैरे मंडळींनी मुलींचं हायस्कूल काढलं, आपलं हुजूरपागा. आणि 1887 मध्ये टिळकांच्या वर्तमानपत्रांतून या शाळेच्या अभ्यासक्रमावर सडकून टीका झाली. मुलींना इंग्रजी कशाला, दिवसभर शाळेत बसवून ठेवलं तर घरकाम कधी शिकणार, असा एकूण सूर. आता योगायोग असा की, टिळक-आगरकर ज्या डेक्कन कॉलेजात शिकले, त्याच कॉलेजातून त्याच सुमाराला एक मुलगी पदवीच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येत होती. वर्गात मुलींमध्ये ती एकटीच. मुलं तोंडावर दार लावून घेत, असं तिनं लिहून ठेवलं आहे. मुलींच्या डोक्याला इंग्रजी झेपेल का, हा वाद शहरात चालू असताना उत्तर येरवड्याच्या बाजूला बसून शेक्सपिअर वाचत होतं. वाद घालणाऱ्यांनी नदी ओलांडून बघायची तसदी घेतली नाही, इतकंच.

ती कॉर्नेलिया. एवढ्या यशानंतर विलायतेला शिकायला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती तिच्या हक्काची होती. नाकारली गेली, बाई म्हणून. मग ती अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवायला गेली. विशी नुकतीच ओलांडलेली पोरगी आणि समोर बाके भरून पुरुष. मला तिच्या सगळ्या चरित्रात हे प्रकरण सगळ्यात आवडतं आणि सगळे चरित्रकार ते दोन ओळींत उरकतात, कारण पुढे ऑक्सफर्ड येतं. इंग्लंडमधल्या काही बायाबापड्यांनी वर्गणी काढली, त्यात फ्लोरेन्स नाइटिंगेलही होत्या. 1889 मध्ये सॉमरव्हिल कॉलेज, 1892 मध्ये खास परवानगीनं कायद्याची परीक्षा. पदवी मात्र हातात पडायला आणखी तीस वर्षं, कारण ऑक्सफर्ड बायकांना पदव्याच देत नव्हतं. 1904 पासून बंगाल-बिहारकडे कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या नोकरीत पडद्यातल्या विधवांच्या आणि अज्ञान वारसांच्या इस्टेटी सांभाळणं. हे सगळं तुम्हाला कुठंही सापडेल, म्हणून पुढे जाते.

घरातल्या ॲलिसनं विज्ञानाची पदवी घेतली, डॉक्टर झाली आणि सरहद्दीवर बन्नूच्या मिशन हॉस्पिटलात गेली.

आणि सूझी? जन्म 1868, कॉर्नेलियाहून दोन वर्षांनी लहान. तब्येत जन्मभर तोळामासा. ती आईच्या शाळांमध्ये शिकवू लागली आणि मग तेच आयुष्य झालं. आईसारखीच तीही परदेशात जाऊन पैसे जमवून आली, अमेरिकेतून. 1908 मध्ये पुण्यात सेंट हेलेनाज ही शाळा उभी केली. पारशी, मुसलमान, ख्रिस्ती, हिंदू पोरी एका वर्गात. ती शाळा आजही आहे, स्टेशनच्या बाजूला, आणि ती ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव आगरकर रोड. मुलामुलींना एकत्र, एकच शिक्षण द्या म्हणून जन्मभर लिहिणाऱ्या माणसाच्या नावाचा रस्ता, आणि त्यावर या बाईची शाळा. हे कुणी ठरवून केलेलं नसणार, पण पुण्याच्या हातून चुकून एखादी गोष्ट नीट होते ती अशी.

1931 मध्ये सूझी गेली. पुढच्याच वर्षी कॉर्नेलियानं तिचं छोटं चरित्र लिहिलं. त्याच्या इंग्रजी नावातच तिनं बहिणीची ओळख 'पश्चिम भारतातली ख्रिस्ती-पारशी शिक्षणतज्ज्ञ' अशी करून दिली. आज सूझीबद्दल जे काही हाती लागतं, त्यातलं बरंचसं या बहिणीच्या लिखाणामुळे. वकिलाचे खटले कागदावर राहतात, अर्ज राहतात, निकाल राहतात. शाळेतल्या बाईचं काय राहतं? हजेरीपट वाळवी खाते. अक्षरं गिरवून घेतलेल्या मुली लग्न होऊन नावं बदलतात. म्हणून मोठ्या बहिणीवर पुस्तकं निघतात आणि धाकटीला ओळखणारं माणूस शोधावं लागतं.

पण माझा मुद्दा कागदांपुरता नाही. आपल्याकडे माणूस आठवणीत राहायला मागे एक समाज लागतो. जयंती करणारा, चौकाला नाव मागणारा, फ्लेक्स लावणारा, वेळ आली तर मोर्चा काढणारा. सोराबजींच्या मागे कोण आहे? पारशांच्या लेखी ते धर्म सोडून गेलेले. पुण्यातले ख्रिस्ती आधीच मूठभर, आणि त्यांना हे साडीतले, पारशी नावाचे लोक आपले किती वाटले असतील कोण जाणे. निलगिरीहून आलेल्या आईची जात आपल्या गणितात बसत नाही. राष्ट्रवादी इतिहासाला तर ही मंडळी नकोच होती, आणि त्याला कारणंही होती.

ती कारणं लपवण्यात अर्थ नाही. हे घर मिशनचं होतं, धर्मप्रसार हा त्यांच्या कामाचा उघड भाग होता. इंग्रजी राज्यावर त्यांची मनापासून निष्ठा होती. शाळेचं नावच बघा. कॉर्नेलियाला गांधींचं राजकारण अजिबात पटलं नाही. 1927 मध्ये कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईनं भारताची नालस्ती करणारं पुस्तक लिहिलं तेव्हा कॉर्नेलिया तिच्या बाजूनं उभी राहिली. मला हे वाचताना आजही राग येतो. बालविधवांचं दुःख इतक्या जवळून पाहिलेल्या बाईला ते दुःख साम्राज्याच्या बाजूचा पुरावा म्हणून वापरलं जातंय हे दिसू नये? की दिसत होतं आणि तिला चालत होतं? माझं उत्तर दुसरं आहे. तिला चालत होतं.

पण हा राग सूझीच्या खात्यावर का? आणि मिशनमुळे बाद करायचं तर पुण्याच्या शिक्षणाचा इतिहास किती शिल्लक राहील? जोतिराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगरला सिंथिया फरार या अमेरिकन मिशनच्या बाई मुलींना शिकवत होत्या, त्या पाहून जोतिरावांना आपणही असं करावं असं वाटलं. त्यांचं ऋण आपण मान्य करतो, कारण त्या पाहुण्या होत्या. आपल्याच गावातली, आपलीच साडी नेसणारी, मराठीत शिकवण्याची सोय करणारी बाई ख्रिस्ती असली की मात्र हात आखडतो. रमाबाईंनाही हे भोगावं लागलं. पण रमाबाई संस्कृत पंडिता होत्या, ब्राह्मण होत्या, म्हणून पुढे शंभर वर्षांनी का होईना त्यांना परत घरात घेतलं. सोराबजींच्या मुलींना परत घ्यायला त्या आधी कुणाच्या घरच्या होत्या, हेच ठरलेलं नाही.

लंडनच्या लिंकन्स इन या बॅरिस्टरांच्या संस्थेत 2012 मध्ये कॉर्नेलियाचा अर्धपुतळा बसवला गेला. 2017 मध्ये तिच्या जन्मदिवशी गूगलनं डूडल केलं आणि दुपारपर्यंत आपल्याकडे तिच्यावर चार-पाच फॉरवर्ड फिरले, दोनात साल चुकीचं होतं. नाशिकला जन्मलेली, बेळगावात वाढलेली, पुण्यात शिकलेली बाई आपल्यापर्यंत आली ती कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या मार्फत. फ्रान्सिना आणि सूझी तर तेवढ्याही आल्या नाहीत.

पुतळा नको. चौकाचं नाव तर नकोच, पुण्यात चौकांपेक्षा नावं जास्त झाली आहेत. डी.एड., बी.एड.च्या अभ्यासक्रमात शिक्षणाचा इतिहास असतो, त्यात चार भाषांतून शिकवणाऱ्या या शाळांवर एक पान यावं. हंटर आयोगापुढच्या बायकांच्या साक्षी मराठीत आणून एकत्र छापाव्यात, ते काम एखाद्या विद्यापीठाला सहज झेपेल. आणि तुमच्यापैकी कुणाची आजी, पणजी, आत्या व्हिक्टोरियात किंवा सूझीबाई असतानाच्या सेंट हेलेनाजमध्ये शिकली असेल, घरात एखादा ग्रुप फोटो, प्रगतिपुस्तक, बक्षीस मिळालेलं पुस्तक पडलेलं असेल, तर फोटो काढून इथं टाका. मागे शाईनं काही लिहिलेलं असेल तर त्या बाजूचाही.