साडेसात वाजताचे नवे वर्ष

३१ डिसेंबरच्या संध्याकाळी जर्मनीतील लाइपझिग शहरात साडेसात वाजतात, तेव्हा अहिल्यानगरला मध्यरात्रीचे बारा वाजलेले असतात. आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, वर्षाखेरच्या रात्रीची ‘वॉच नाईट’ उपासना त्या वेळी संपत आलेली असते आणि आई मागच्या बाकावरून फोन उंच धरून मला ती दाखवीत असते. पाळकसाहेब आशीर्वाद देतात, पेटी-तबल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांचे एखादे भजन सुरू होते, माणसे एकमेकांचे हात हाती घेतात. आणि माझ्या खिडकीखालून अजून जुन्या वर्षातली ट्राम जात असते. इथले बारा वाजायला साडेचार तास बाकी असतात. गेली पाच वर्षे हे साडेचार तास मी सरत्या वर्षाची उपकारस्तुती करण्यासाठी राखून ठेवले आहेत.

यंदा त्या वेळी माझ्या खोलीत आणखी दोघे होते. एक माझी नगरच्या शाळेतली मैत्रीण, जी आता म्युनिकला नोकरी करते. ती हिंदू आहे. आठवीपासून बारावीपर्यंत आमच्या नाताळगीतांच्या फेरीत पेटी तिनेच वाजवली, कारण आमच्या युवक संघात पेटी वाजवता येणारे कोणी नव्हते, आणि तिच्या आईवडिलांना त्यात वावगे काही वाटले नाही. दुसरा माझा इथला सहकारी, ज्याच्या घरात आजोबांच्या पिढीपासून कोणीही कोणत्याही चर्चचे सभासद नाही. देव आहे असे त्याला वाटत नाही, आणि हे त्याने मला पहिल्याच महिन्यात सरळ सांगितले होते.

नाताळाच्या आठवड्यात मैत्रिणीला तिच्या नात्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांचा संदेश आला. आपले नवे वर्ष पाडव्याला सुरू होत असताना परक्यांच्या नव्या वर्षासाठी एवढा प्रवास कशाला, आणि ज्यांचा डोळा माणसे बाटवण्यावर असतो त्यांच्या प्रार्थनेत जाऊन बसायचे कशाला, असे त्यांनी विचारले होते. तिने तो संदेश माझ्यापासून लपवला नाही. दोघींनी तो शांतपणे वाचला. हे दोन्ही प्रश्न गावाकडे आता पुष्कळ जण विचारतात आणि त्यांतला दुसरा मला मनापासून दुखावतो, म्हणून त्यांच्याविषयी लिहिणे मला भाग वाटते.

पहिल्या प्रश्नावर भांडण्यासारखे फार काही नाही. १ जानेवारी हा आम्हां ख्रिस्ती लोकांचाही धार्मिक वर्षारंभ नव्हे. चर्चचे वर्ष नाताळाच्या आधीच्या चौथ्या रविवारी, आगमनकाळाने सुरू होते. खुद्द ख्रिस्ती इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष १७५२ पर्यंत २५ मार्चपासून मोजले जात असे. आम्ही त्या रात्री जमतो ते तारखेच्या पूजेसाठी नाही, तर गेलेले दिवस मोजून पाहण्यासाठी. शमुवेलाने एक धोंडा उभा करून त्याला एबन-एजर हे नाव दिले आणि इथवर परमेश्वराने साहाय्य केले असे म्हटले, तसे वर्षाच्या वाटेवर एक धोंडा उभा करण्याची ही रात्र आहे. पाडव्याशी तिचे वैर असण्याचे काहीच कारण नाही. मैत्रिणीच्या दारात गुढी उभारताना काठी धरायला मी कित्येक वर्षे गेले आहे.

दुसरा प्रश्न इतक्यात संपणारा नाही. धर्मांतरावर निर्बंध घालणारे कायदे आज देशातील दहाहून अधिक राज्यांत झालेले आहेत; पहिला ओडिशाने १९६७ मध्ये केला. उत्तर प्रदेशातील कायद्यानुसार धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हा प्रशासनाला तसे कळवावे लागते. सक्तीने, फसवून किंवा आमिष दाखवून कोणाचा धर्म बदलणे हे पाप आहे, असे मी ख्रिस्ती म्हणून म्हणते. कारण प्रेमाशिवाय आलेला विश्वास आमच्या शास्त्राप्रमाणे विश्वासच नव्हे. धर्मांतराने घरे दुभंगतात, हेही मी नाकारणार नाही. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंना काय सोसावे लागले आणि त्या दोघांना पुन्हा एकत्र यायला किती काळ लागला, हे मराठी वाचकाला त्यांच्याच शब्दांत ठाऊक आहे. ते दुःख खरे होते, आणि कोणत्याही मंडळीने ते हलके लेखू नये.

पण माणसाच्या मनात काय चालले आहे हे ठरवण्याचा अधिकार कार्यालयाला दिला, की पुढे कशाकशाचा संशय घेतला जाईल याला मर्यादा राहत नाही. प्रार्थनेला आलेला शेजारी संशयित ठरतो, आजाऱ्याच्या उशाशी बसलेली परिचारिका संशयित ठरते, आणि आता पेटी वाजवायला आलेली मुलगीही. गेल्या काही वर्षांत देशात ठिकठिकाणी नाताळाच्या कार्यक्रमांत अडथळे आणले गेले. आमच्या मंडळीत तसे काही घडलेले नाही. तरीही यंदा वडील मंडळींनी गीतफेरी अंधार पडण्याआधी आटोपायला सांगितली, असे आई म्हणाली. ती हे अगदी सहज म्हणाली, आणि तिच्या आवाजातल्या त्या सहजपणानेच मला रात्रभर झोप लागली नाही. ज्या राज्यात ख्रिस्ती माणसे लोकसंख्येच्या एक टक्काही नाहीत, तिथे गाणाऱ्या पंधरा-वीस मुलांनी कंदील लावायच्या आत घरी परतावे, इतके कोणाचे काय बिघडत होते?

आम्ही परके आहोत असे म्हणणाऱ्यांना मी भाषेकडे बोट दाखवीन. १६१६ मध्ये छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणात’ मराठीची थोरवी गाणारा फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज होता हे खरे. पण त्याने ओवी निवडली ती इथली. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून बायबलचे भाषांतर केले ते साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत व्हावे, या ध्यासाने. आणि २०२० च्या धाराशिव येथील साहित्य संमेलनासाठी वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा त्यांच्या धर्मावरून आक्षेप घेतले गेले, तरीही ते त्या व्यासपीठावर उभे राहिले. माझ्या पिढीतल्या ख्रिस्ती मुलामुलींना त्या दिवशी काय वाटले असेल, ते शब्दांत मांडणे कठीण आहे. आपल्याला आपल्या भाषेच्या घरात उंबऱ्यावर थांबवले जात नाही, एवढे तरी त्या दिवशी कळले.

मी इथे आले तेव्हा माझी समजूत होती, की ख्रिस्ती देशात आपला विश्वास सुखाने नांदेल. पत्ता नोंदवायला गेले, तर तिथल्या अर्जात धर्माचा रकाना होता. मी प्रोटेस्टंट लिहिले आणि पुढच्या महिन्यापासून पगारातून चर्चकर वजा होऊ लागला. इथे तो आयकराच्या ९ टक्के असतो, म्युनिक ज्या बव्हेरियात आहे तिथे ८ टक्के. मंडळी सोडायची असेल, तर सरकारी कार्यालयात जाऊन तसे जाहीर करायचे. कारण कोणी विचारत नाही. दरवर्षी लाखो माणसे तसे करतात: कोणी करासाठी, कोणी धर्मगुरूंकडून मुलांवर झालेल्या अत्याचारांच्या संतापाने, कोणी नुसतेच आता काही वाटत नाही म्हणून. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन मोठ्या चर्चचे सभासद आज जर्मनीच्या निम्म्या लोकसंख्येहूनही कमी आहेत, आणि लाइपझिगसारख्या पूर्वेकडच्या शहरात तर रविवारच्या उपासनेला मोठमोठ्या कमानींखाली आम्ही मोजकीच माणसे असतो.

माझ्या देशात काही राज्यांत विश्वास धरण्यासाठी कार्यालयाची पायरी चढावी लागते आणि इथे विश्वास सोडण्यासाठी. दोन्हीकडे कागद आहे. पण माणूस कशाच्या आधाराने विश्वासात टिकतो याची नोंद त्या कागदावर होऊ शकत नाही. इथली मोकळीक मला हवी आहे, हे मी नि:संकोच सांगते. कोणी मला प्रार्थनेचा जाब विचारत नाही हे फार मोठे सुख आहे, आणि ते माझ्या आईला तिच्या गावात मिळावे असे मला वाटते. मात्र नुसत्या मोकळिकीने माझा विश्वास टिकला नसता. पहिल्या हिवाळ्यात मी उपासनेला जाणे जवळजवळ सोडले होते. कोणी अडवत नव्हते आणि कोणी वाटही पाहत नव्हते. तेव्हा मैत्रीण दर रविवारी सकाळी फोन करून, आज गेलीस का, एवढेच विचारायची. जिला बाटवले जाण्याची भीती घातली जाते, त्या मुलीने माझा विश्वास राखला.

आणि सहकाऱ्याचे म्हणाल, तर त्याने मला लाइपझिगच्या निकोलाय चर्चचा इतिहास शिकवला. तिथे १९८२ पासून दर सोमवारी शांतीसाठी प्रार्थना होत असे आणि दार सर्वांसाठी उघडे असे; देव न मानणारेही आत येऊन बसत. ९ ऑक्टोबर १९८९ च्या संध्याकाळी त्या प्रार्थनेनंतर सुमारे ७० हजार माणसे हातात मेणबत्त्या घेऊन पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध रस्त्यावर निघाली आणि पोलिसांची गोळी सुटली नाही. त्याची आई त्या गर्दीत होती. ती आजही कोणत्याही चर्चची सभासद नाही, पण त्या दाराविषयी बोलताना तिचा आवाज बदलतो. त्या दाराने कोणाचा धर्म बदलला नाही. घाबरलेल्या माणसांना आत घेतले, इतकेच. मंडळीने जगात काय करावे याचे याहून चांगले उदाहरण माझ्यापाशी नाही, आणि आमच्या नगरच्या मंडळीनेही सभासदांच्या संख्येपेक्षा याच मापाने स्वतःकडे पाहावे असे मला वाटते.

त्या रात्री इथल्या उपासनेत डीट्रिख बोनहोफर या पाळकाची कविता गायली गेली. डिसेंबर १९४४ मध्ये हिटलरच्या गुप्त पोलिसांच्या, म्हणजे गेस्टापोच्या, बर्लिनमधील तळघरात कैदेत असताना त्यांनी ती आपल्या घरच्यांसाठी आणि वाग्दत्त वधूसाठी लिहिली. एप्रिल १९४५ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, त्यांना फाशी देण्यात आले. पुढचे वर्ष काय घेऊन येणार याची अटकळ असलेला माणूस त्यात तक्रार करीत नाही, आपल्या भोवती असलेल्या आधाराबद्दल कृतज्ञतेने बोलतो. मी ती गात असताना सहकारी माझ्या शेजारी उभा होता आणि त्याला सगळे शब्द पाठ होते. शाळेत शिकलो, असे तो नंतर म्हणाला.

नव्या वर्षाकडे माझे मागणे मोठे नाही. गीतफेरी पुन्हा अंधारात, कंदील घेऊन निघावी. धर्मांतराविषयी कायदा करणाऱ्यांनी सक्तीला जरूर शिक्षा करावी, पण प्रार्थनेला आलेल्या शेजाऱ्याला आरोपीच्या जागी उभे करू नये. मैत्रिणीच्या त्या नातलगांना मी नगरला गेले की भेटणार आहे. त्यांच्याशी वाद घालण्यासाठी नाही, तर त्यांच्या घरातल्या मुलीने माझ्यासाठी काय केले ते त्यांना सांगण्यासाठी. ते ऐकतील की नाही हे त्यांच्या हाती आहे.

आमच्या मंडळीत वॉच नाईटला शेवटी एक ताट फिरते. त्यात शास्त्रातील वचनांच्या चिठ्ठ्या असतात आणि प्रत्येक जण वर्षासाठी एक उचलतो. लाइपझिगहून फार दूर नसलेल्या हेर्नहुट गावातून १७३१ पासून रोजच्या दिवसासाठी चिठ्ठी टाकून काढलेली वचने छापली जातात, हे इथे आल्यावर कळले तेव्हा मला घरचेच कोणी भेटल्यासारखे झाले होते. मी परदेशी असल्याने माझी चिठ्ठी आई उचलते. यंदा साडेसात वाजता ताट तिच्यापाशी आले, तेव्हा तिने फोनकडे पाहत विचारले, "तिच्यासाठी पण उचलू ना गं?" मैत्रीण मागून म्हणाली, "काकू, विचारता काय, उचला." मग आईने थोडे थांबून, खोलीत आणखी कोण आहे ते पाहिले आणि त्याला काय म्हणतात ते मला विचारले. मी सहकाऱ्याला तिचा प्रश्न जर्मनमध्ये सांगितला. तो क्षणभर गप्प राहिला, आणि मग कॅमेऱ्यासमोर येऊन त्याने आपले नाव दोनदा, सावकाश सांगितले. आईने तिसरी चिठ्ठी उचलली.