‘आधी सुधारा, मग खेळायला पाठवा’ म्हणणाऱ्यांसाठी

‘स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना शिबिरांत, पोहण्याच्या वर्गात, मैदानी खेळांत ढकलू नका. त्यांना एकटं राहायलाच आवडतं, गोंगाट सोसत नाही. आधी थेरपीने वागणं सुधारा, मगच चारचौघांत न्या. एका मुलापायी बाकीच्यांची मजा का घालवायची?’ असा एक मजकूर पालकांमध्ये हातोहात फिरत असतो. सूर काळजीचा आहे, म्हणूनच तो चटकन पटतो. पण एकेक विधान सुटं करून पाहिलं की फारसं काही हाती लागत नाही.

एकटं राहायलाच आवडतं? काहींना आवडतं, त्यांना खुशाल तसं राहू द्यावं. फावला वेळ त्यांचा आहे. पण कडेला उभं राहून बघणारं मूल खेळात नाहीच, हे कुणी ठरवलं? बरीच मुलं आधी नुसती बघतात, मग शेजारी बसून आपलं वेगळंच काहीतरी करतात, आणि पुढे केव्हातरी स्वतःहून चेंडू उचलतात. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ सालीच मांडलं होतं की स्वमग्न आणि इतर माणसांमधलं न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वमग्न प्रौढांनी एकमेकांना गोष्ट सांगत पुढे नेली, तेव्हा ती इतरांच्या साखळीइतकीच शाबूत राहिली. जास्त गळती झाली ती स्वमग्न आणि इतर अशा मिश्र साखळीत.

‘आधी थेरपी’ हा सगळ्यात घातक मुद्दा. थेरपीच्या शांत खोलीत, एकाच ओळखीच्या ताईसमोर शिकलेलं कौशल्य मैदानावर आपोआप उतरत नाही, हे त्या क्षेत्रातले लोकच सांगतात. रांगेत थांबणं रांगेतच शिकावं लागतं. आणि पोहण्याचं काय? कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा स्वमग्न मुलांचा बुडून मृत्यू होण्याचा धोका इतर मुलांच्या १६० पट निघाला. अशा मुलाला ‘वागणं सुधारेपर्यंत’ पाण्यापासून लांब ठेवणं ही काळजी नव्हे. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातलं ३० वं कलम खेळ आणि करमणुकीत मुलांना बरोबरीचा वाव देतं. आधी पात्रता सिद्ध करा, अशी अट त्यात नाही.

गोंगाटाचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. पण त्यावर उपाय गोंगाट कमी करणं हा, मूल कमी करणं हा नव्हे. संगीतखुर्चीच घ्या. कर्कश स्पीकर, अचानक तुटणारं गाणं, खांद्याला खांदा घासत धावणं, आणि वर ‘आऊट’! स्वमग्न मुलाला नेमकं जे जड जातं ते सगळं एका खेळात कोंबलेलं. आता आवाज निम्मा करा, गाणं थांबण्याआधी हात वर करून खूण करा, खुर्च्या लांब लांब मांडा, कुणालाच बाद करू नका. एखाद्याला गाणं थांबवायचं बटण सांभाळायला द्या. हे काम तो कदाचित बाकीच्यांपेक्षा चोख करील. आधी एक फेरी नुसती बघू द्या. जवळच एखादी शांत खोली उघडी ठेवा, पण ती शिक्षेची जागा वाटता कामा नये. याउलट काही मुलांना ढोल, झोके, उड्या हवेच असतात. सगळ्यांना एकाच मापाने कान झाकायचे हेडफोन चढवू नका.

बाकीच्यांची मजा जाते म्हणे. आजचा क्रम फळ्यावर चित्रांनी काढला, ‘पाच मिनिटांत आवरायचंय’ असं आधी सांगितलं, तर कुणाची मजा जाते? बुजऱ्या मुलांनाही त्याने हायसं वाटतं. खरी अडचण माणसांची असते. एक जादा माणूस लागतो, त्याचा खर्च येतो. तो पालकांच्या माथी न मारता आयोजकांनी सुरुवातीलाच हिशेबात धरावा. मुलं निसटून पळतात ही भीतीही पोकळ नाही. २०१२ च्या एका अमेरिकी पाहणीत चार वर्षांवरच्या जवळपास निम्म्या स्वमग्न मुलांनी निदान एकदा तरी तसा प्रयत्न केल्याचं पालकांनी सांगितलं होतं. म्हणून फाटक बंद हवं आणि कोणत्या वेळी कोण लक्ष ठेवणार हे नावानिशी ठरलेलं हवं.

राहिला प्रवेशाचा फॉर्म. त्यातला ‘ऑटिझम आहे का? हो/नाही’ हा रकाना कुणाच्याच कामाचा नाही. त्याऐवजी विचारा: कोणता आवाज नकोसा होतो? नको असेल तेव्हा मूल ते कसं दाखवतं? पळालं तर कुठे जातं? आणि कशात रमतं?