'अर्धा मिनिट कशाला थांबायचं?' : एका फौजी वाचकाला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही वेळ काढून एवढं सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी मुद्दे थोडक्यात सांगते. रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) राउंड, म्हणजे काडतूस, उडाला नाही तर नळी टार्गेटकडेच धरून ३० सेकंद थांबायचं, हे मागच्या लेखातलं वाक्य तुम्हाला पुस्तकी वाटलं. फौजेत १७ वर्षं तुम्ही असा राउंड लगेच बाहेर काढून पुढचा मारलात. .२२ बोअरच्या रायफलीचं काडतूस जरा फिरवून परत लावलं की बहुतेक वेळा उडतं, मग ते वाया का घालवायचं, असंही तुम्ही विचारलंत. आणि वरणगावच्या काडतुसांच्या कारखान्याशेजारी लहानाचे मोठे झालेल्या माणसाला .२२ ची भीती दाखवू नका, पोरांनाही घाबरवू नका, असं शेवटी लिहिलंत.

फौजेतली तुमची सवय बरोबरच आहे. समोरून गोळी येत असताना थांबणं जिवावर बेततं, म्हणून तिथे हात आपोआप चालेल असं घटवून घेतात. आमच्या रेंजवर समोर कागद असतो आणि रायफल धरलेली पोर १६-१७ वर्षांची असते. तिथे एक राउंड वाचवून किंवा अर्धा मिनिट वाचवून आपल्याला काहीच मिळवायचं नसतं.

आणखी एक कबूल करते. ट्रिगर दाबल्यावर काडतुसाच्या तळावर पिन आपटूनही दारू उशिरा पेटणं, म्हणजे हँगफायर, हल्लीच्या नीट ठेवलेल्या काडतुसात क्वचितच होतं. झालं तरी तो उशीर बहुधा सेकंदाच्याही आतला असतो. मग ३० सेकंद कशासाठी?

एका मे महिन्यातल्या शिबिरातली गोष्ट सांगते. जळगावचं ऊन तुम्हाला माहीत आहे, म्हणून फायरिंग सकाळीच उरकत होतो. रावेरकडची एक कॅडेट, आयुष्यातला तिसरा की चौथा राउंड. ट्रिगर दाबला, नुसतं 'टक्' झालं. ती झोपल्या जागी रायफलीसकट माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "मॅडम, वाजलीच नाही!" बोट अजून ट्रिगरवर होतं. नळी शेजारी झोपलेल्या दोन मुलींच्या डोक्यांवरून फिरली. मी नळीवर पंजा ठेवून ती परत टार्गेटकडे दाबली. काही झालं नाही, राउंड मेलेलाच होता. पण त्या दोघींनी मान खाली घातलेली मला अजून दिसते.

'टक्' झालं तर काय करायचं हे मी तिला सांगितलं होतं, तिच्याकडून करून घेतलं नव्हतं. तेव्हापासून मी ते ३० सेकंद काडतुसासाठी धरत नाही, हातासाठी धरते. बोट बाहेर, नळी टार्गेटकडे आणि मोजणी मोठ्याने, म्हणजे शेजारच्यांनाही कळतं आणि पोरीचं लक्ष मागे वळायला मोकळं राहत नाही. कॉलेजच्या व्हरांड्यात रिकाम्या रायफलीवर आम्ही हे रोज करतो. मी 'टक्' म्हणते, त्या मोजतात.

मोजणी झाल्यावर मी स्वतः शेजारी बसून बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) उघडायला लावते, तोंड बाजूला ठेवून. काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, बंद असतं तेव्हा त्याच्या पितळेला चहूबाजूंनी पोलादाचा आधार असतो. बोल्ट अर्धा उघडलेला असताना ते पेटलं तर तो आधार जातो, पुंगळी फाटते आणि पितळेचे तुकडे व गरम गॅस थेट डोळ्यांकडे येतात.

फिरवून लावण्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. .२२ मध्ये पेटणारा मसाला तळाच्या कडेत भरलेला असतो आणि पिन त्या कडेवरच पडते. एखाद्या जागी मसाला कमी असला तर दुसऱ्या जागी मार बसल्यावर राउंड उडतो. पण आधी मी कडेवरची खूण बघते. खूण खोल असेल तर दोष काडतुसाचा. फिकट असेल तर स्प्रिंग कमजोर झालेली असते, बोल्टमध्ये घाण असते किंवा बोल्ट पूर्ण बसलेला नसतो. तोच राउंड फिरवून उडवला की ही खूण कुणी बघतच नाही आणि ती रायफल पुढच्या पोरीच्या हातात तशीच जाते. म्हणून तो राउंड वेगळ्या डब्यात जातो, रिकाम्या पुंगळ्यांत नाही, खिशात तर नाहीच. संध्याकाळी मोजून कोतमध्ये, म्हणजे शस्त्रांच्या कोठारात, जमा.

तुमच्या प्रतिक्रियेत एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि मला भीती तिचीच जास्त आहे. 'टक्' नाही, 'फुस्स'. आवाज दबका, खांद्याला धक्का जवळजवळ नाही, कागदावर नवं भोक नाही. दारू कमी किंवा खराब असली की गोळी नळीतच अडकते. लगेच बोल्ट मारून पुढचा राउंड लावण्याची जी सवय तुम्ही सांगता, ती इथे घात करते. मागून आलेल्या गोळीला वाट मिळत नाही, नळी फुगते किंवा फुटते. इथे ३० सेकंद मोजूनही भागत नाही. त्या रायफलीचं फायरिंग बंद, रायफल खाली, बोल्ट बाहेर, मागच्या बाजूने सळई घालून बघायचं. माझ्या समोर एकदाच सळई मध्येच थांबली. पुढून बघितलं तर नळीत उजेड नव्हता. पोरगा पुढचा राउंड हातात घेऊनच बसला होता.

.२२ ची गोळी वजनाला अडीच ग्रॅमच्या आसपास, पण बटावरून, म्हणजे टार्गेटमागच्या मातीच्या बांधावरून, सुटली तर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. आमच्या रेंजच्या मागे केळीच्या बागा आहेत, तिथे सकाळी बाया कामाला असतात.

'पोरांना घाबरवू नका' हे तुमचं म्हणणं मात्र मला पटलं. त्या लेखात 'टक्' आणि 'फुस्स' दोन्हींना मी एकाच परिच्छेदात कोंबलं होतं, त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात नुसती भीती राहिली, काय करायचं ते राहिलं नाही. तो भाग आज वेगळा करून पुन्हा लिहिला आहे. एकदा वाचून बघा, आणि फौजेत 'फुस्स' झाल्यावर तुम्ही काय करत होतात ते मला नक्की कळवा.